कठड्याच्या कॉटमधून लेकराला कुठल्या पलंगावर न्यावं?

लातूरच्या एका वडिलांनी विचारलंय. मुलगी अडीच वर्षांची, उंची ३६ इंच. कठड्याच्या कॉटमधून गेल्या महिन्यात दोनदा एकटीच चढून बाहेर आली, तिसऱ्यांदा डोक्यावर पडली. टेंगळावर निभावलं. आता पहिला पलंग घ्यायचाय आणि घरात तीन मतं आहेत. आजी म्हणतात, पलंग कशाला, खाली गादी टाका. आईला घराच्या आकाराचा, वर लाकडी छपराचा सांगाडा असलेला पलंग आवडलाय. वडिलांचा हिशोब असा की चार महिन्यांनी दुसरं लेकरू येणार आहे, तर एकदाच बंक बेड घेऊन मोकळं व्हावं. खोली १० बाय १०.

मी धंद्यानं सुतार. वडील औसा तालुक्यात बैलगाड्या, तिफणी आणि बाजा (निवारीच्या खाटा) करायचे. मी लातुरात फर्निचर करतो, त्यालाही आता २८ वर्षं झाली. लेकरांचे पलंग खूप केले. काही चुकीचेही केले, त्यातला एक खाली सांगतोच.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे दुकानात जाऊन ‘कॉट’ म्हणालात तर लोखंडी खाट दाखवतील. तुमचा तो कठड्याचा बेबी कॉट. त्याचं वय तुमच्या घरात संपलेलं आहे. लेकरू ३५ इंचांच्या पुढं गेलं, किंवा उभं राहिल्यावर कठडा त्याच्या उंचीच्या पाऊण भागापेक्षा खाली यायला लागला, की कॉट सोडायचा. आणि एकदा का पाय कठड्यावर पडला, की मग उंचीही मोजत बसायचं नाही. कठड्यावरून पडणं म्हणजे तीन-साडेतीन फुटांवरून, तेही डोकं पुढं. खालची फळी आणखी खाली घेऊन, आत उशा रचून दिवस काढू नका. उशीवर पाय देऊन ती आणखी लवकर चढेल. नवा पलंग येईपर्यंत तिची गादी सरळ खाली टाका. तेवढ्या दिवसांपुरतं आजीचं ऐका.

आता पलंग. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न लाकडाचा असतो, दुसरा रंगाचा. मी मात्र एकच विचारतो: लेकरू पलंगाच्या कडेला बसलं तर टाच जमिनीला टेकते का, निदान अगदी जवळ येते का? बाजारातला साधा पलंग १८ इंच उंच असतो, त्यावर ६ इंचांची गादी. झाले दोन फूट. तुमची मुलगी तीन फुटांची. म्हणजे तुम्हा-आम्हाला बरगडीपर्यंत येणारा पलंग द्यायचा आणि रात्री झोपेत उतरायला सांगायचं, असा तो प्रकार. एवढ्या उंचीवरून लेकरू उतरत नाही, घरंगळतं किंवा उडी मारतं.

माप घरी घेता येतं. तिला पाटावर बसवा, खाली एकेक पाट किंवा जाड वह्या वाढवत जा. दोन्ही तळवे पूर्ण टेकलेत आणि गुडघा काटकोनात आलाय, तिथं थांबा आणि टेप लावा. ३६ इंच उंचीच्या लेकराचं हे माप साधारण ९ इंच येतं. त्यात वाढीचे दीड-दोन इंच धरा. म्हणजे पलंग गादीसकट, गादी हातानं दाबून, साडेदहा ते ११ इंच. गादी ४ इंचांची असेल तर लाकूड ७ इंचांच्या वर जाता कामा नये. सुताराला ‘थोडा बुटका करा’ असं सांगू नका, तो तुमच्या मनाचा बुटका नाही करणार, स्वतःच्या मनाचा करील. इंचात आकडा द्या.

एवढ्या उंचीवरून पडलं तरी लेकरू रडतं, आईच्या कुशीत जातं आणि पुन्हा झोपतं. म्हणून बुटक्या पलंगाला मोठा कठडा लागतच नाही. पहिले दोन-तीन आठवडे खाली एक वाकळ घडी करून पसरा आणि पलंगाची एक बाजू भिंतीला टेकवा. टेकवा म्हणजे पक्की टेकवा. गादी आणि भिंतीत चार बोटांची फट राहिली तर लेकरू तिच्यात उतरतं आणि अडकतं. ते जमिनीवर पडण्यापेक्षा वाईट. चाकं असलेला पलंग म्हणूनच नको, रोज दोन बोटं सरकतो. मोकळ्या बाजूला कठडा हवाच असेल तर उशापासून निम्म्या लांबीपर्यंत, गादीच्या वर ५ इंच उठणारा, आणि पायथ्याकडे उतरायला मोकळी जागा. पूर्ण लांबीचा कठडा लावलात तर कॉटच परत आणलात. बाजारात कापडी जाळीचे, गादीखाली सरकवायचे कठडे मिळतात, ते दोन वर्षांच्या आतल्या लेकराला वापरू नयेत. गादी आणि जाळी यांच्या मधे लेकरू घसरतं. तुमच्या मुलीचं वय बसतं, पण बुटका पलंग घेतलात तर त्यात पैसे घालू नका.

आजींचं मत मला अर्धं पटतं. आपल्या माणसांची कैक पिढ्यांची झोप जमिनीवरच झाली आणि हल्ली मोठ्या शहरांतली शिकलेली मंडळी जमिनीवरच्या गादीला नवं नाव देऊन तेच करताहेत. पण आपल्या भागाचं बोलायचं तर दोन गोष्टी आडव्या येतात. एक ओल. पावसाळ्यात फरशीवरची कापसाची गादी खालून काळी पडते, आणि लेकरू अजून अंथरूण ओलं करत असेल तर आठवड्यात वास सुटतो. दुसरी गोष्ट विंचू-काट्याची. शेताजवळचं घर, दगडी जोतं, बाजूला सरपण किंवा विटांचा ढीग असेल तर विंचू घरात येतोच, आणि लाल विंचवाचा दंश लहान लेकराच्या हृदयावर जातो. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार शोधून जगात नाव मिळवलेले डॉ. हिंमतराव बावस्कर काम करायला कोकणात महाडला गेले, पण माणूस आपल्या जालना जिल्ह्यातला. मण्यार तर रात्रीच फिरते, जमिनीवर झोपलेल्याच्या अंथरुणात शिरते, आणि तिचा दंश कित्येकदा दुखतही नाही, दिसतही नाही. शहरात तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर आजींचं ऐकून पलंगाचे पैसे वाचवा, फक्त गादी रोज उचलून भिंतीला उभी करा. खाली राहत असाल तर पाय असलेला पलंग आणि वर मच्छरदाणी, कडा गादीखाली नीट खोचलेली. सात इंचांचे पाय म्हणजे काही किल्ला नव्हे, खरं काम खोचलेली मच्छरदाणी करते. डासांच्या दिवसांत ती लागतेच.

पायांवरून आठवलं. पलंगाखाली दोन-अडीच इंचांची फट सगळ्यात वाईट. झाडू जात नाही, उजेड जात नाही, खेळणी जातात, आणि खेळण्यामागं लेकराचा हात जातो. एकतर आडवा झाडू फिरेल एवढी म्हणजे ५ इंच तरी जागा ठेवा, नाहीतर फट ठेवूच नका, सरळ जमिनीपर्यंत फळी आणा. पाच इंच जागा आणि एकूण उंची ११ इंच, हे जमवायचं तर बाजूची फळी खाली लोंबू द्यायची नाही. दोन इंचांची पातळ चौकट आणि त्यावर पट्ट्या. गिऱ्हाईकाला ते पोकळ दिसतं, ‘पलंग भरदार वाटत नाही’ म्हणतात. वाटू दे. खाली सामानाची पेटी, वर उचलायची फळी हे तर अजिबात नको. ती फळी अडीच वर्षांच्या बोटांवर पडते. खणही नको, उघडा खण म्हणजे तिला पायरी.

घरात जुनी बाज असेल तर खर्च जवळपास शून्यावर येतो. बाभळीच्या बाजेचे पाय कापून ती नऊ इंचांवर आणायची, नव्यानं निवार ताणून भरायची आणि वर वाकळ. उन्हाळ्यात हिच्यासारखं गार अंथरूण नाही, खालून वारा लागतो. दोन अटी. निवार ढिली पडली की लगेच ताणायची, झोळ पडलेल्या बाजेत लेकरू मधे लोळत राहतं. आणि पायथ्याशी जिथं ताणायच्या दोऱ्या मोकळ्या सुटलेल्या असतात, तिथं लेकराचा पाय मांडीपर्यंत आत जातो. तेवढ्या जागेवर जाड पट्टी किंवा पोतं शिवून टाका. मी माझ्या नातवाला हेच केलं. धंद्याच्या दृष्टीनं सांगायला नको होतं.

आता आईंच्या आवडीचा घराच्या आकाराचा पलंग. दिसतो सुंदर, फोटो छान येतात. पण अडीच वर्षांच्या लेकराला ते छप्पर दिसत नाही, चढायची शिडी दिसते. शिवाय अशा सांगाड्यावर घरातलं कुणीतरी दिव्यांची माळ, ओढणी, पडदा बांधतंच. लोंबणारं कापड किंवा वायर आणि एकटं झोपलेलं लेकरू हा मेळ मला बघवत नाही. सांगाडा घ्यायचाच असेल तर तो भिंतीला पक्का ठोका आणि त्यावर काहीच बांधू नका. तसा तो घेण्यात काय मजा, हे तुमचं तुम्ही ठरवा.

बंक बेडला माझं सरळ नाही. वरचा मजला ६ वर्षांखालच्या लेकराला नसतो. तुमची मुलगी अडीचची, दुसरं अजून यायचंय. म्हणजे साडेतीन वर्षं वरचा मजला कपडे वाळवायला, आणि रोज शिडी समोर. ‘वर जाऊ नको’ हे तिला किती दिवस ऐकू येईल?

मग घ्यावं काय? ६ फूट बाय ३ फुटांचा साधा सिंगल, पण बुटका. लेकरांचे छोटे पलंग मिळतात, साधारण ५२ बाय २८ इंचांच्या गादीचे, कॉटचीच गादी त्यात बसते. ते वाईट नाहीत, पण बऱ्याचशांची मर्यादा २२-२३ किलोची असते आणि लेकरू पाच वर्षांचं झालं की पाय बाहेर. नंतर त्या मापाची गादी लातुरात शोधत फिरा. ७२ बाय ३६ची गादी कुठल्याही गादीवाल्याकडे तयार असते. वर आई शेजारी आडवी होऊन गोष्ट सांगू शकते, ताप आला तर रात्र काढू शकते. खोली १० बाय १०ची आणि दुसऱ्याची जागा ठेवायची असेल तर रुंदी अडीच फूट करा, लांबी कमी करू नका. मुलगी सात-आठ वर्षांची झाली की त्याच पलंगाला उंच पाय लावून घ्यायचे. म्हणून पाय चिकटवून, खिळे मारून नको, बोल्टनं बसवायला सांगा.

आता माझी चूक. पंधराएक वर्षांपूर्वी उशाकडे उभ्या दांड्यांची नक्षी करायची फॅशन होती. मी दांड्यांमधे ५ इंच अंतर ठेवायचो, दिसायला हलकं दिसतं म्हणून. एका सकाळी सहाला गिऱ्हाईकाचा फोन. गेलो तर तीन वर्षांचा मुलगा पलंगावर गुडघे टेकून, डोकं दांड्यांच्या पलीकडे, धड अलीकडे. डोकं तिरकं करून गेलं होतं, परत येताना कान आडवे येत होते. आजीनं खोबरेल लावून झालेलं, त्यामुळं सगळं निसरडं. आई त्याचं कपाळ तळहातावर पेलून बसलेली. ओला टॉवेल मानेभोवती घातला आणि हॅक्सॉ ब्लेडनं दांडा खालून कापला, हळूहळू, कारण जोरात कापलं की दांडा थरथरतो आणि पोर बिचकतं. चार मिनिटांचं काम, माझा शर्ट घामानं पाठीला चिकटला. पैसे द्यायला लागले ते मी घेतले नाहीत, आणि त्याच आठवड्यात अशा नक्षीचे पलंग गेलेल्या आणखी तीन घरी जाऊन त्या दांड्यांवर प्लायच्या फळ्या मारून आलो.

तेव्हापासूनचा माझा नियम: उशाला, पायथ्याला, कठड्यात, म्हणजे गादीच्या वर कुठंही साडेतीन ते नऊ इंचांच्या मधली फट नको. साडेतीनच्या आत असेल तर धड जात नाही, नऊच्या वर असेल तर डोकंही सुटतं. मधल्या फटीत धड जातं आणि डोकं राहतं. कठड्याच्या दांड्यांना तर मी ६ सेंटिमीटरच धरतो, तेच माप कॉटला असतं. दुकानात जाताना खिशात टेप ठेवा. विक्रेता हसेल, हसू द्या. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे उशाला सपाट फळी, नक्षी रंगानं काढा.

लाकडाबद्दल मी लांबण लावत नाही. सागवान चांगलंच, किनवटकडचं मिळालं तर उत्तम, पण लेकराच्या पहिल्या पलंगाला सागवानाची गरज नाही. बाभूळ दणकट आहे, फक्त सालीखालचं पांढरं लाकूड राहिलं असेल तर वर्षभरात भुंगा लागून पीठ पडायला लागतं. ते तासून काढलंय का बघा. प्लाय घेणार असाल तर १८ मिलिमीटर, पाणी सोसणाऱ्या ग्रेडचा, कारण इथं पाणी म्हणजे काय हे तुम्हाला कळतंय. भुशाच्या दाबलेल्या फळीचा तयार पलंग स्वस्त असतो, पण दोनदा ओला झाला की फुगतो आणि स्क्रू सोडतो. कोपरे नुसते घासून चालत नाही, गोल करून घ्यायचे. सनमाइकाची कड ब्लेडसारखी असते, लेकराच्या कपाळाच्या बरोबर उंचीवर.

नातेवाइकांकडून जुना पलंग येणार असेल तर त्याचा रंग बघा. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर नको हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटात काय असेल सांगता येत नाही, आणि या वयाचं लेकरू पलंगाची कड दातानं कुरतडतं. असा पलंग नको म्हणा. घरी पॉलिशपेपर मारून रंग काढायला तर बसूच नका, ती धूळ रंगापेक्षा वाईट. नव्या लाकडाला मी कच्चं जवसाचं तेल देतो, आपल्याकडे घाण्यावर मिळतं. पातळ हात, दोन दिवसांच्या अंतरानं तीनदा, मग दोन-तीन आठवडे वाळू द्यायचं. एक सांभाळा, तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

गादी कापसाची की फोमची? कापसाची गार असते आणि हा कापसाचा मुलूख आहे, पण वर्षा-दोन वर्षांत मधे खड्डा पडतो, मग पिंजून भरून घ्यावी लागते. पिंजणारे आता कमी झालेत. ४ इंचांचा घट्ट फोम चालतो, मुठीनं दाबून सोडला की लगेच वर आला पाहिजे. फार मऊ गादी लाडानं घेऊ नका. रबरी कापड मे महिन्यात सोसत नाही, वरून सुती आणि खालून पाणी न झिरपणारी खोळ घ्या. आणि गादीखाली अखंड प्लाय असेल तर सुताराकडून त्याला इंच-इंचाची दहा-बारा भोकं पाडून घ्या, नाहीतर ओल तिथंच कुजते.

पलंग निवडला म्हणून काम संपत नाही. कॉटमधे लेकरू बंद असतं, पलंगात ते मोकळं असतं. रात्री दोनला उठून ती कुठं जाईल? मी पलंग पोचवायला जातो तेव्हा तिच्या उंचीवर बसून खोली बघतो. आपल्याकडे पहिलं काय दिसतं? कूलर. पत्र्याचा, पाण्यानं भरलेला, वायर जमिनीवर. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. पलंग कूलरपासून तिचा हात पोचणार नाही एवढा लांब, शक्य असेल तर कूलर खिडकीबाहेर, अर्थिंग तपासलेली आणि घराला करंट गळती झाली की तोडणारं स्विच. पलंगाशेजारचे खालचे सॉकेट झाकणाचे करा. खिडकीखाली पलंग नको, पलंगावरून खिडकीत पाय जातो. गच्चीवर झोपायची सवय असेल तर यंदा तिला दोघांच्या मधे घ्या आणि जिन्याचं दार आतून लावा. जी कठडा चढायला शिकली, ती गच्चीचाही बघणार.

कपाटाला भिंतीत पट्टी ठोका, आणि पलंगावर लॉफ्ट किंवा जड फळी नको. हे मी प्रत्येक घरी सांगतो, लोक ‘बरं बरं’ म्हणतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मी १३ वर्षांचा होतो. किल्लारीच्या बाजूला माणसं भूकंपापेक्षा डोक्यावरच्या माळवदानं मेली, झोपेतच. नंतर कित्येक महिने आमच्या घरात कुणी छपराखाली झोपलं नाही. वडिलांनी त्या काळात बाजाच बाजा केल्या, सगळ्या अंगणासाठी. २०२४ ला हिंगोली-नांदेडकडे धक्के बसले तेव्हा पुन्हा गिऱ्हाईकांचे फोन आले की कपाटाला पट्टी मारून द्या. दोन एल-क्लँप आणि चार स्क्रू, एवढंच काम असतं ते.

दुसरं लेकरू चार महिन्यांनी येतंय, तर पलंग आत्ताच करा. बाळ यायच्या निदान दोन महिने आधी ती नव्या जागी रुळली पाहिजे. नाहीतर तिला वाटेल, माझी जागा काढून त्याला दिली. रिकामा कॉट महिनाभर डोळ्यांआड ठेवा. बाळासाठी तो परत काढाल तेव्हा सगळे स्क्रू आवळा, आणि त्याचा एक कठडा खाली सरकणारा असेल तर तो कायमचा पक्का करून घ्या किंवा कॉट बदला. तसल्या सरकत्या कठड्याचे कॉट अमेरिकेत २०११ पासून विकायलाच बंदी आहे, कारण सरकत्या बाजूची पकड सुटली की फट पडते.

पलंग आणायला जाताना मुलीला घेऊन जा. गादी टाकायला लावा, तिला कडेला बसवा, चप्पल काढून. टाच दोन इंचांपेक्षा जास्त अधांतरी राहिली तर घरी नेऊ नका, पाय तिथंच कापून मागा. आम्हाला पाच मिनिटं लागतात.